देवाची वेळ, आणि दर दोन तासांनी कूस बदलणं

खाडीकाठची (नेरूळ), रात्री २.१०

आज पुन्हा दोनला जाग आली, गजर न लावता. म्हणून इथे मंचावर लिहायला बसले.

आई गेली त्याला सात महिने झाले. २०११ च्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा पहिला झटका आला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. पहिली काही वर्षं ती वॉकर धरून चालायची, गॅलरीत बसून खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस करायची. २०१७ मध्ये दुसरा झटका आला आणि मग पलंगच. आठ वर्षं. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा एक मावशी यायच्या, रात्र माझी. बारा, दोन, चार, सहा. शरीराला ते वेळापत्रक इतकं पाठ झालंय की ज्याच्यासाठी उठायचं तो पलंग रिकामा झाला तरी उठवतं.

या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा ऐकवलं गेलेलं वाक्य म्हणजे ‘देवाची वेळ असते गं’. लग्न ठरता ठरता मोडलं (आईला सोबत आणेन म्हटलं होतं) तेव्हा. बढती पुण्याला जायच्या अटीवर होती, ती सोडली तेव्हा. गाण्याच्या परीक्षा अर्धवट राहिल्या, तानपुरा एका ओळखीच्या मुलीला देऊन टाकला, तेव्हासुद्धा.

आता तेच लोक म्हणतात, ‘बघ, आता तुझी वेळ आली. हिंड, फीर, गाणं सुरू कर.’ परवा आत्याने कल्याणचं एक स्थळही सुचवलं. बिजवर, पण माणूस चांगला आहे म्हणे.

मला राग येतो. कारण सरळ हिशेब मांडला तर त्याचा अर्थ असा निघतो की माझी वेळ यावी म्हणून देव आईच्या जाण्याची वाट बघत होता. असला देव मला नको. आणि आलेली वेळ घेऊन मी करू काय? तार सप्तकात आवाज चढत नाही. गेल्या रविवारी दिवसभर काही काम नव्हतं, तर मी सहा वेळा ओटा पुसला.

मी नास्तिक नाही. संध्याकाळी दिवा लावते, मनापासून लावते. म्हणूनच विचारतेय. ज्यांचा या ‘वेळे’वर खरंच विश्वास आहे, त्यांच्या रोजच्या जगण्यात तो कसा असतो? प्रवचन नको. व्हिडिओ तर अजिबात नकोत.

मासुंदा (ठाणे), सकाळी ६.४०

वाचलं. आता गाडी पकडायची आहे, संध्याकाळी नीट लिहितो. सहा वेळा ओटा पुसणं मात्र ओळखीचं वाटलं. बाबा गेल्यावर मी महिनाभर सकाळी दोन कप चहा टाकत होतो.

तर्कटराव (ऐरोली), सकाळी ८.०५

ताई, राग बरोबर आहे, तो सोडू नका.

‘देवाची वेळ’ हे वाक्य कधी चुकूच शकत नाही, हीच त्यातली गोम आहे. काम झालं तर वेळ आली होती. नाही झालं तर आली नव्हती. जे कशानेही खोटं ठरत नाही त्याला मी माहिती म्हणत नाही. समोरच्याचं दुःख बघवत नाही आणि पुढे होऊन हात लावायचा नाही, अशा वेळी लोक हे वाक्य टेकवून निघून जातात. तुमच्या आत्याबाईंना विचारा, आठ वर्षांत रात्री दोनला कूस बदलायला त्या किती वेळा आल्या.

आणि ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण काही फक्त नास्तिकांची नाही. देव मानणाऱ्या घरांतही सर्रास म्हणतात ती.

पेंधरपर्यंत (तळोजा), सकाळी ९.२२

देवाच्या वेळेबद्दल आम्हाला विचारा. बेलापूर–पेंधर मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं, गाडी धावली नोव्हेंबर २०२३ ला. बारा वर्षं लोकांना ‘अगदी मेट्रोजवळ’ म्हणून फ्लॅट विकले गेले. तपच झालं की हो.

(ताई, रागावू नका. तुमचं वाचून घशात आवंढा आला म्हणून विनोद केला.)

खाडीकाठची, सकाळी ९.४०

रागावले नाही. पहिल्यांदा हसले आज.

तर्कटराव, आत्याची बाजू घ्यायला हवी. ती कूस बदलायला आली नाही, पण दर गुरुवारी वाशीहून डबा घेऊन यायची. आठ वर्षं. एकही गुरुवार चुकला नाही.

मार्था_चरई (ठाणे), सकाळी ११.१५

आम्ही मराठी ख्रिस्ती. तलावपाळीजवळच्या चर्चच्या घंटेवर लहानपणी आमच्या घरातलं घड्याळ लावलं जायचं. ‘देवाची वेळ’ आमच्याकडेही हिंदूंइतकीच उठसूट वापरतात, तेव्हा त्या त्रासाची मला कल्पना आहे.

त्यासाठी ज्याचा आधार देतात तो बायबलच्या जुन्या करारातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाचा तिसरा अध्याय. जन्मायची वेळ, मरायची वेळ, लावायची वेळ, उपटायची वेळ, फाडायची, शिवायची. अशा चौदा जोड्या आहेत, म्हणजे अठ्ठावीस वेळा. लग्नात आणि मयताला, दोन्हीकडे वाचतात. मी खूप वर्षं तो दिलाशाचा उतारा समजत होते. माझ्या नवऱ्याचा धंदा बुडाला त्या वर्षी पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आलं की त्यात दिलासा फार कमी आहे. रडण्यानंतर हसणं येईलच असं तो म्हणत नाही. वाईट आधी आणि चांगलं मग, असा क्रमही पाळत नाही. काही जोड्यांत चांगलं आधी येतं. आणि थोडं पुढे तो स्पष्ट सांगतो की देवाने आरंभापासून शेवटापर्यंत काय केलंय याचा थांग माणसाला लागत नाही. म्हणजे ‘बघ, यासाठी देवाने तसं केलं’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाने तो अध्याय अर्ध्यातच मिटलेला असतो.

त्याच यादीत गप्प राहायचीही वेळ आहे. ती आमच्या नातेवाइकांना कधी सापडली नाही.

माझ्यापुरतं विचाराल तर: मला कळत नाही आणि मला कळायलाच हवं असा हट्ट मी सोडला. विश्वास म्हणजे माझ्या घरी एवढंच आहे. बुडालेला धंदा परत उभा राहिला नाही, नवरा आता नोकरी करतो.

दिवाळेकर (बेलापूर), दुपारी १.५०

वेळेची गोष्ट निघाली म्हणून आमच्या गावठाणातली सांगतो.

आजा शाळेत गेला नव्हता, पण भरतीची वेळ तोंडावर सांगायचा. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हे मुंबईच्या किनाऱ्यावरचं गणित, खाडीत आत ठाण्याच्या अंगाला पाणी पोचायला आणखी वेळ लागतो. रोज भरती पाऊण तासाने, पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, ते सगळं त्या पाऊणपटीत बसतं. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. भांगाला पाण्याला ओढ नसते, त्या दिवसांत आजा जाळी शिवत बसायचा.

तर भरती कधी येणार हे आम्ही बोटावर सांगतो. मासळी मिळणार की नाही हे आजपर्यंत कुणी सांगू शकलेला नाही. आजी दोन्हीला देवाचंच म्हणायची, पण दोन्ही एक नाहीत. ‘देवाची वेळ’ म्हणणारे लोक पहिल्याच्या खात्रीने दुसऱ्याबद्दल बोलतात, असं मला वाटतं.

पुढच्या आठवड्यापासून यांत्रिक होड्यांना बंदी, १ जून ते ३१ जुलै. मासे अंडी घालतात तेव्हा. मग नारळी पौर्णिमा. दोन महिने हातात पैसा नसतो, पण त्यावर अजून तरी कुणी प्रवचन दिलं नाही. उसने घेतात आणि जाळी शिवतात.

तर्कटराव, दुपारी २.३०

दिवाळेकर, भरती आणि मासळी हा फरक एकदम पटला. वहीत लिहून ठेवला.

आता मी एवढा का चिडतो तेही सांगतो. माझ्या बहिणीला लग्नानंतर सात वर्षं घरातले सगळे, आमची आई धरून, हेच सांगत होते. होईल, वेळ आली की होईल. पस्तिशीनंतर मूल होण्याची शक्यता झपाट्याने उतरते हे कुठलाही डॉक्टर सांगेल. ती पहिल्यांदा तपासणीला गेली तेव्हा एकोणचाळीस पूर्ण झाली होती. नवस मात्र तोवर चार झाले होते. पुढचं लिहीत नाही. ती आज मजेत आहे, शाळेत शिकवते. पण माझ्यासमोर कुणी ‘वेळ’ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

गोदाआजी (नौपाडा), दुपारी ४.१०

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. नातवाने मराठी टाइप करायला शिकवलंय, चुका पोटात घाला.

तर्कटराव, बहिणीच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. डॉक्टरकडे जायलाही वेळ असते आणि ती पंचांगात लिहिलेली नसते. आमच्या पिढीने ही चूक फार केली, मी पण केली आहे.

बाळ खाडीकाठची, सध्या धोंड्याचा महिना चालू आहे. अधिक ज्येष्ठ. मागचा २०२३ ला आला होता, अधिक श्रावण. मुलींना हल्ली एवढंच ठाऊक असतं की जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे. पण तो येतो कसा ते बघ. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं. दर वर्षी अकराएक दिवस मागे पडतात. कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ते साठत साठत बत्तीस-तेहतीस महिन्यांत एक अख्खा महिना होतो. तो घातला नाही तर दिवाळी सरकत सरकत पावसाळ्यात येईल.

गोष्ट अशी सांगतात की बारा महिन्यांना बारा देवता मिळाल्या, या तेराव्याला कुणीच घेईना. मलमास म्हणून हिणवायचे. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. तो रडत विष्णूकडे गेला. शेवटी पुरुषोत्तमाने आपलं नाव त्याला दिलं. म्हणून पुरुषोत्तम मास. ज्याला कुणी आपलं नाव द्यायला तयार नव्हतं, तो एकटाच थेट देवाच्या नावाचा.

तुझी ती आठ वर्षं लोक अशी मोजतात जणू वाया गेलेले दिवस, ज्यांची भरपाई आता देव करणार. मला नाही तसं वाटत. भरपाई कसली? ते तुझ्या आयुष्यातले महिनेच होते, मोजणाऱ्याला नाव सापडलं नाही इतकंच.

आणखी एक. आपला देवसुद्धा आषाढी एकादशीला निजतो तो कार्तिकीला उठतो. चार महिने लग्नं बंद. मधे भाद्रपदात जी एकादशी येते तिचं नाव परिवर्तिनी. त्या दिवशी तो झोपेत कूस बदलतो. आमच्या सासूबाई त्या दिवशी देव्हाऱ्यात बाळकृष्णाला हळूच दुसऱ्या कुशीवर निजवायच्या. आम्ही सुना पदरात तोंड घालून हसायचो.

अश्विनी_घणसोली, दुपारी ४.४५

आजी 🙏 मी फक्त वाचायला आले होते, आता ऑफिसच्या वॉशरूममध्ये रडतेय.

मासुंदा, रात्री ८.३०

लिहितो म्हटलं होतं.

मला या प्रश्नात कायम पुंडलिक आठवतो. आपण ‘देवाची वेळ’ म्हणतो तेव्हा मनात चित्र असं असतं की आपण रांगेत उभे आणि देव खिडकीत. पंढरपूरची गोष्ट नेमकी उलटी आहे. देव दारात आला, पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. ‘थांब जरा’ म्हणाला, बसायला पाटसुद्धा दिला नाही, वीट फेकली. देव थांबला. अठ्ठावीस युगं म्हणतो आपण आरतीत, अजून कमरेवर हात ठेवून उभा आहे. वाट बघायचं काम त्या गोष्टीत देवाकडे आहे.

तेव्हा आई जाण्याची देव वाट बघत होता हा तुमचा हिशेब मला वेगळा दिसतो. तो त्याच खोलीत होता, तुमचं काम आटपेपर्यंत.

(मार्थाताई, तुमच्या अठ्ठावीस वेळा आणि आमची अठ्ठावीस युगं. योगायोग आहे, तर्कटरावांनी काठी उचलण्याआधी कबूल करतो.)

तर्कटराव, रात्री ८.४१

काठी खाली ठेवली आहे. जेवतोय.

खाडीकाठची, रात्री १०.२०

मासुंदा, गोष्ट सुंदर सांगितलीत, पण मला लागू नाही. पुंडलिक प्रेमाने पाय चेपत होता. मी नाही. पहिली दोन-तीन वर्षं होते प्रेमळ. नंतर रात्री उठताना मी मनात शिव्या घालायचे, कधी कधी मोठ्यानेही. एकदा तिने अंथरूण लगेच पुन्हा ओलं केलं म्हणून मी तिच्या हातावर फटका मारला. तिला बोलता येत नव्हतं. नुसती बघत राहिली. आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही, नावाशिवाय लिहायची सोय आहे म्हणून इथे लिहितेय. कुणी तरी वीट मागायला दारात उभं होतं असं मला एकदाही वाटलं नाही.

गोदाआजी, परिवर्तिनी एकादशी मला ठाऊक नव्हती. दुपारपासून एकच विचार डोक्यात आहे. आईची कूस बदलताना आधी गुडघा दुमडायचा, मग एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली, आणि ‘चल गं, एक दोन तीन’ म्हणून आपल्याकडे ओढायचं. शेवटच्या वर्षी ती ‘तीन’ला स्वतः थोडा जोर लावायची. शिव्या घातलेल्या रात्रीसुद्धा लावायची. तुमच्या सासूबाई बाळकृष्णाला कसं निजवायच्या? काही म्हणायच्या का?

गोदाआजी, रात्री १०.५५

अगं, पुंडलिकाची अर्धीच गोष्ट सांगतात. आधी तो आईबापाला छळायचा. काशीला निघाला तेव्हा आपण बायकोसह घोड्यावर आणि म्हातारा-म्हातारी पायी. पुढे कुक्कुटस्वामींच्या आश्रमात डोळे उघडले. देव आला तो या पुंडलिकाकडे. फटका मारलेला हात असतो तोच पुढे पाय चेपतो, दुसरा कुठून आणायचा?

मीही माझ्या सासूबाईंना बोलले आहे. त्याच सासूबाई. काय काय बोलले ते इथे नको.

त्या बाळकृष्णाला म्हणायच्या, ‘वळ रे राजा, अंग अवघडलं असेल.’

मार्था_चरई, रात्री ११.०५

खाडीकाठची, तीनला ती जोर लावायची ना. मग तिने फटक्याचा हिशेब ठेवला नव्हता. एवढंच.

कळवा२०२६, रात्री ११.४०

नमस्कार. अकाउंट आजच काढलं. धाग्याच्या विषयाशी माझा संबंध नाही, माफ करा, पण कुठे विचारू कळेना.

बाबांना तीन आठवड्यांपूर्वी झटका आला. परवा हॉस्पिटलमधून घरी आणलं. डावी बाजू पूर्ण गेली आहे. घरी मी आणि आई. दोन तासांनी कूस बदलायची हे तिथे सांगितलं असणार, त्या गडबडीत डोक्यात शिरलं नाही. आज माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला. शेजारी म्हणतात तेल लावून चोळा. चोळू का?

खाडीकाठची, रात्री ११.४६

चोळू नका!! लाल झालेल्या जागी अजिबात चोळायचं नाही, आतली कातडी आणखी दुखावते. आत्ता लगेच एक करा. त्या जागेवर बोटाने हलकं दाबून सोडा. पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर अजून हातात आहे, त्या जागेवर भार येईल असं झोपवू नका. दाबूनही तसंच लाल राहिलं किंवा कातडी फाटलेली दिसली तर उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

सरळ नव्वद अंशात कुशीवर नको, खुब्यावर भार येतो. पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं ठेवा. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. टाचा सगळे विसरतात. चादरीला सुरकुती नको. मधे भोक असलेली रबरी रिंग दुकानदार गळ्यात मारेल, ती घेऊ नका. भरवताना बसतं करा आणि नंतर अर्धा तास तरी तसंच ठेवा. लकवा झालेला हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.

दाबून काय दिसलं ते सांगा. मी जागी आहे.

कळवा२०२६, रात्री ११.५८

पांढरं पडलं. मग लाल.

खाडीकाठची, रात्री १२.००

छान. आता बारा वाजलेत, वळवा. उजव्या कुशीला. ‘एक दोन तीन’ मोठ्याने म्हणा, त्यांना ऐकू येऊ दे.

माझ्याकडे एअर बेड पडून आहे, पंपासकट. माळ्यावर. कुणाला द्यावा कळत नव्हतं, भंगारवाल्याला द्यायचा जीव होईना. एका कोपऱ्यात पॅच आहे पण हवा धरतो. पंप रात्रभर गुणगुणतो. पहिल्या रात्री त्या आवाजाने झोप लागत नाही, आठवड्यानंतर वीज जाऊन तो थांबला की जाग येते. नेऊ शकाल का?

कळवा२०२६, रात्री १२.१९

वळवलं. आईने पाय धरले. पैसे किती ते सांगा. मला बाबांना सोडून नेरूळपर्यंत येता येणार नाही पण, टेम्पो पाठवू?

तर्कटराव, रात्री १२.२४

टेम्पो कशाला. मी ऐरोलीला, गाडी आहे, उद्या शनिवार. नेरूळहून उचलून कळव्याला पोचवतो. गुंडाळला की मागच्या सीटवर मावेल ना?

मासुंदा, मी यावर एक शब्दही बोलणार नाही, आणि तुम्हीही बोलू नका.

मासुंदा, रात्री १२.२६

कळव्याला उशा आहेत का पुरेशा? आमच्याकडे चार आहेत, खाडीपूल ओलांडला की आलोच.

खाडीकाठची, रात्री १२.३१

पैसे नकोत. गुंडाळून रिक्षातही मावतो, मी तसाच आणला होता. तर्कटराव, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. पंपाची वायर थोडी सैल आहे, आल्यावर दाखवते.

दहानंतर या. हल्ली चारनंतर जी झोप लागते ती गाढ असते.